आयोडीनचे दार आणि त्याची किल्ली

ज्या घरात थायरॉईडच्या कर्करोगाचा एखादा रुग्ण किरणोत्सारी आयोडीन घेऊन बरा झालेला असतो, त्या घरात पुढे कोणाला स्तनाचा कर्करोग झाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : तेच औषध हिलाही का देत नाहीत? प्रश्न वरवर भाबडा वाटतो. पण तो भाबडा नाही. गेली पंचवीस वर्षे नामवंत प्रयोगशाळांतून याच प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. दुसरीकडे, याच प्रश्नाचे एक सोपे आणि चुकीचे उत्तर बाटलीत भरून विकले जाते. ‘स्तनांच्या आरोग्यासाठी’ म्हणून आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि तत्सम पदार्थ मिळतात. काळजीने व्याकूळ झालेले कुटुंबीय ते आणतात आणि सत्तरीच्या आईला श्रद्धेने देतात. स्तनपेशी आयोडीन केव्हा घेते, केव्हा नाकारते आणि हे ठरवते कोण, एवढे समजले तर खऱ्या उत्तराकडे जाता येते आणि ती बाटली बाजूला ठेवण्याचे कारणही कळते.

प्रथम थायरॉईडकडे पाहू. गळ्यातील या लहानशा ग्रंथीला तिची संप्रेरके घडवण्यासाठी आयोडीन लागते, आणि रक्तात ते अत्यल्प असते. तरीही ही ग्रंथी रक्तातील प्रमाणाच्या वीस ते चाळीस पट आयोडीन आपल्यापाशी जमवते. ते कसे, याचा उलगडा १९९६ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयात नॅन्सी कॅरॅस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांची रीत मोठी चिकाटीची होती. उंदराच्या थायरॉईड पेशींतील जनुकांचे संदेश त्यांनी गटागटाने बेडकाच्या अंडपेशींत सोडले आणि कोणत्या गटामुळे ती अंडपेशी आयोडीन ओढू लागते ते पाहिले. गट लहान लहान करत शेवटी एकच जनुक हाती उरले. त्या जनुकाच्या सांगण्यावरून पेशी जे प्रथिन बनवते त्याला संक्षेपाने एनआयएस म्हणतात. मानवातील हे प्रथिन ६४३ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे.

एनआयएस हे पेशीच्या पटलात बसवलेले एक दार आहे असे समजावे. पेशीबाहेर सोडियम पुष्कळ असते, आत थोडे. उतारावरून पाणी धावावे तसे सोडियम आत येऊ पाहते. हे दार सोडियमचे दोन कण आत घेते आणि त्यांच्या ओघाबरोबर आयोडाइडचा एक कण आत ओढते. (शरीरात आयोडीन वाहते ते बहुतांशी आयोडाइडच्या रूपात.) आत आलेले सोडियम दुसरे एक प्रथिन ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर फेकते, म्हणून हा व्यवहार अखंड चालू राहतो.

परंतु दार बसवायचे की नाही, हा निर्णय दाराचा नसतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच संपूर्ण पोथी असते. फरक पडतो तो कोणते पान उघडले आहे आणि कोणते बासनात बांधलेले आहे, यामुळे. थायरॉईडमध्ये एनआयएसचे पान उघडेच असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून टीएसएच हे संप्रेरक येते, ते हे पान अधिक वेगाने वाचायला लावते, आणि पॅक्स-८ नावाचे एक नियंत्रक प्रथिन जनुकाच्या आरंभीच्या भागावर बसून त्या आज्ञेला जोर देते. लाळग्रंथींत आणि जठराच्या अस्तरातही हे दार असते. तेथे त्याला टीएसएचची आज्ञा लागत नाही.

स्तनांत मात्र हे पान एरवी मिटलेले असते. कुमारिकेच्या, प्रौढ स्त्रीच्या किंवा रजोनिवृत्तीनंतरच्या निरोगी स्तनपेशींत हे दार सहसा आढळत नाही. गरोदरपणाच्या अखेरीस आणि बाळ अंगावर पीत असताना ते प्रकट होते. ज्या बाळाने अजून मिठाची चवही घेतलेली नाही, त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे आयोडीन निसर्गाने आईच्या दुधातून पाठवण्याची ही सोय केली आहे.

ही आज्ञा कोण देते? तुर्कस्तानचे उयगार ताझेबाय, न्यूयॉर्कच्या कॅरॅस्को आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून याचे उत्तर दिले. अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही तिन्ही संप्रेरके दिली, तेव्हा त्यांच्या स्तनांत हे दार दूध पाजणाऱ्या मादीइतके दिसू लागले. पिले आईपासून दूर केली की ते कमी होते आणि पुन्हा जवळ आणली की वाढते, हेही त्यांनी दाखवले. ऑक्सिटोसिन म्हणजे बाळाने तोंड लावताच पान्हा फोडणारे संप्रेरक. पान्हा आणि आयोडीन यांची किल्ली बऱ्याच अंशी एकच आहे, ही गोष्ट मला स्वतःला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे २००४ मध्ये आणखी एक धागा सापडला. हृदयाच्या जडणघडणीत काम करणारे एनकेएक्स-२.५ नावाचे नियंत्रक प्रथिन स्तन्यकालात स्तनपेशींतही उपस्थित होते आणि एनआयएसच्या जनुकाला चालना देते, असे दिसून आले. थायरॉईडमध्ये जे काम पॅक्स-८ करते, त्यासाठी स्तनाने जणू हृदयाचा कारभारी उसना घेतला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. स्तनातील हे दार टीएसएचच्या आज्ञेत नाही, आणि पोटात गेलेल्या आयोडीनच्या मात्रेच्या आज्ञेतही नाही. जास्त आयोडीन खाल्ले म्हणून मिटलेले पान उघडत नाही.

आजोबांचे सैंधव आणि सुनेचे दूध

बाळंतिणीच्या स्तनात दार उघडे असले तरी आत ओढायला रक्तात आयोडीन हवे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. आपल्याकडे ही गरज मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून भागते. हिमाचल प्रदेशाच्या कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासाने हे मीठ गलगंडाला आळा घालते हे सिद्ध केले, आणि १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात आयोडीनचे प्रमाण दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे, असा आपल्याकडील नियम आहे.

आता एका सामान्य घराचा विचार करा. आजोबांचा रक्तदाब वाढलेला, म्हणून कोणीतरी सुचवल्यावरून सगळ्या घराचे मीठ बदलून सैंधव आणले जाते. सैंधवातही सोडियम जवळजवळ तितकेच असते, त्यामुळे रक्तदाबाला त्याचा म्हणावा तसा लाभ नाही. पण वेष्टनावर तसा उल्लेख नसेल तर त्यात आयोडीन मात्र पुरेसे नसते. आजोबांचे त्यावाचून फारसे अडणार नाही, पण त्याच स्वयंपाकघरातले जेवणारी सून बाळाला पाजत असेल, तर तिच्या स्तनांतील ते दार रिकाम्या वाटेकडे उघडे राहते. आजोबांनी मीठ कमी खावे हे खरेच. परंतु जे खायचे ते आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे.

धूम्रपानाचीही येथे नोंद केली पाहिजे. तंबाखूच्या धुरातून शरीरात थायोसायनेट वाढते, आणि ते याच दाराशी आयोडाइडची वाट अडवते. डेन्मार्कमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या मातांच्या दुधात आयोडीन इतर मातांच्या तुलनेत सुमारे निम्मेच आढळले. कोबी-फ्लॉवरमध्येही असे अडथळा आणणारे घटक असतात म्हणून काही घरांतून त्या भाज्या हद्दपार होतात. शिजवून, बेताने खाल्ल्या आणि आयोडीन पुरेसे मिळत असले, तर त्याची गरज नाही.

हे दार दूध देणाऱ्या इतर प्राण्यांतही असते, आणि ते चांगले-वाईट आयोडीन ओळखत नाही. इंग्लंडमध्ये विंडस्केल येथील अणुभट्टीला ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली, तेव्हा किरणोत्सारी आयोडीन कुरणांवर पडले, गायींच्या पोटात गेले आणि त्यांच्या कासेतून दुधात उतरले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध तेव्हा विकू न देता ओतून टाकावे लागले. चेर्नोबिलच्या १९८६ च्या दुर्घटनेनंतर असे दूध वेळीच थांबवले गेले नाही, आणि ते प्यायलेल्या मुलांमध्ये पुढे थायरॉईडचा कर्करोग वाढला.

रुग्णालयातही हीच गोष्ट लहान प्रमाणात लागू पडते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला किरणोत्सारी आयोडीनचे उपचार द्यायचे असल्यास पाजणे आधी किमान सहा आठवडे बंद करतात. अलीकडे तीन महिन्यांपर्यंत थांबण्याचा सल्लाही दिला जातो. त्या बाळाला मग पुन्हा पाजत नाहीत. येथे उद्देश दुहेरी असतो : दुधातून बाळाच्या थायरॉईडला पोहोचणारी इजा टाळणे, आणि आईच्या स्तनांत औषध साठू न देणे. उपचार आजींना दिला असेल आणि सून पाजत असेल, तर सुनेचे दूध बंद करण्याचे कारण नाही. मात्र रुग्णालयाने सांगितलेले दिवस नातवंडाला आजींच्या कुशीत देऊ नये. हा विरह आजींना औषधापेक्षा कडू वाटतो, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी समजून घ्यावे आणि किती दिवसांचा आहे ते त्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

मिटलेले पान कर्करोगात का उघडते

किरणोत्सारी आयोडीनचा औषध म्हणून इतिहास १९४१ पासूनचा. त्या वर्षी बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी अतिकार्यरत थायरॉईडच्या रुग्णाला ते प्रथम दिले. शरीरात पसरलेल्या थायरॉईड-कर्करोगावरही ते चालते, हे न्यूयॉर्कचे डॉ. सॅम्युएल सायडलिन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३ पासून या उपचाराची परंपरा उभी केली. कर्करोगाची पेशी फुफ्फुसात गेलेली असो वा हाडात, तिच्यावर एनआयएसचे दार शिल्लक असेल तर ती औषध स्वतःहून आत घेते आणि आतून जळते. केस गळत नाहीत, शरीराच्या इतर भागांना इजा तुलनेने थोडी होते.

म्हणून २००० सालच्या त्या शोधनिबंधाचा दुसरा भाग जगभर गाजला. तपासलेल्या मानवी स्तन-कर्करोगाच्या नमुन्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत एनआयएस आढळले होते; निरोगी स्तनांत ते जवळजवळ नव्हते. कर्करोगाने बासनातले पान स्वतःच उघडले होते. मग औषध का नको?

अडचण अशी की पान वाचले जाणे निराळे आणि दार योग्य जागी बसणे निराळे. बहुतेक स्तन-कर्करोगांत हे प्रथिन तयार होते, परंतु पेशीच्या पटलापर्यंत पोहोचत नाही. सुताराने दार घडवून अंगणातच टाकून द्यावे, तसे ते पेशीच्या आत पडून राहते. आजार पसरलेल्या स्त्रियांची आयोडीनने चित्रे घेतली तेव्हा प्रत्यक्ष आयोडीन ओढणाऱ्या गाठी मोजक्याच निघाल्या. शिवाय थायरॉईड आत आलेल्या आयोडीनला प्रथिनाशी बांधून दिवसेंदिवस धरून ठेवते. स्तनपेशीत तशी पक्की सोय नाही, म्हणून आलेले आयोडीन लवकर निघूनही जाते. आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी आयोडीनला आपले काम करायला तेवढा अवधी मिळत नाही. आणि रुग्णेची स्वतःची निरोगी थायरॉईड तर औषधाचा मोठा वाटा आधीच उचलते.

तेव्हा संशोधकांनी विचारले : हे पान अधिक ठळक वाचायला लावता येईल का? २००० सालीच कॅलिफोर्नियात एमसीएफ-७ या पेशींवर रेटिनॉइक आम्लाचा प्रयोग झाला. या पेशींची कथा वाचण्याजोगी आहे. १९७० मध्ये अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या छातीतील द्रवातून त्या मिळाल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. स्तन-कर्करोगाविषयी आपल्याला जे कळले त्यात या वृद्धेचा वाटा फार मोठा आहे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल दिल्यावर या पेशी आयोडीन सुमारे नऊ पट अधिक घेऊ लागल्या. हे वाचून कोणी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाढवू नयेत. प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवरचा आहे, आणि ते जीवनसत्त्व मात्रेबाहेर गेले तर यकृताला व हाडांना बाधते.

दुसरा मार्ग बासनाची गाठ सैल करण्याचा. जनुकांचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. तो घट्ट असला तर पान वाचता येत नाही. ही घडी घट्ट करणाऱ्या विकरांना रोखणारी काही औषधे आहेत. त्यांपैकी व्हॅल्प्रोइक आम्ल तर फेफऱ्यावरचे जुने, अनेक घरांना परिचित औषध आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधनसंस्था आहे. तेथील संशोधकांनी २०१३ मध्ये स्तन-कर्करोगातील एनआयएस आणि इस्ट्रोजेनचे ग्राही यांचा संबंध दाखवला, आणि २०१६ मध्ये अशा औषधांनी एनआयएसचे जनुक अधिक कार्यरत करून किरणोत्सारी आयोडीनचा परिणाम वाढवता येतो का, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या दाराशी चाललेले हे काम मोलाचे आहे. परंतु आजमितीला स्तनाच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन हा रुग्णालयात मिळणारा प्रस्थापित उपचार नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तर ते काही दडवत आहेत असे समजू नये.

थेंबांची बाटली

आता त्या बाटलीकडे वळू. फ्रेंच वैद्य ल्युगोल यांनी १८२९ मध्ये सिद्ध केलेले आयोडीनचे द्रावण आजही वापरात आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी थायरॉईड शांत करण्यासारख्या ठरावीक कामी डॉक्टर ते देतात. त्याच्या पाच टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे सहा मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चाळीस पट. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत तर किती आहे याचा भरवसाच नसतो.

एवढे आयोडीन आले की निरोगी थायरॉईड प्रथम संप्रेरकनिर्मिती थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये हे दाखवले. मग थोड्या दिवसांत ती एनआयएसच्या जनुकाचेच वाचन कमी करते, दारे घटतात, आत येणारा लोंढा ओसरतो आणि काम पूर्ववत चालू होते. वार्धक्यात ही लवचिकता पुष्कळांकडे उरत नाही. ज्यांच्या थायरॉईडला जुनी सूज आहे, त्यांची ग्रंथी थांबली ती थांबते. थकवा, बद्धकोष्ठ, मंदपणा येतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. ज्यांच्या ग्रंथीत वर्षानुवर्षांच्या गाठी आहेत, त्यांच्या गाठी नियंत्रण न मानता भरमसाट संप्रेरक बनवू लागतात. वृद्धांत याची लक्षणे फसवी असतात. हात थरथरणे, घाम येणे यांऐवजी नुसते वजन उतरते, मन उदास होते, किंवा नाडी अनियमित होते. आणि अनियमित नाडीतून रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. स्तनपेशीचे पान त्या थेंबांनी उघडणार नव्हतेच. इजा झाली ती गळ्याला आणि हृदयाला. कर्करोगासाठी सुरू असलेल्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या बंद करून कोणी असे थेंब घेत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे.

बाटलीखेरीज आयोडीन आणखी दोन वाटांनी येते, आणि त्या काळजीवाहकांनाच ठाऊक असतात. हृदयाच्या लयीसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. ती गोळी मनाने बंद करू नये. मात्र थायरॉईडची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी चुकवू नये. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या द्रवातही आयोडीन भरपूर असते. थायरॉईडचे स्कॅन किंवा किरणोत्सारी उपचार ठरलेले असतील, तर असा स्कॅन कोणत्या तारखेला झाला ते तेथे आवर्जून सांगावे, कारण दारे आधीच भरलेल्या आयोडीनने व्यापलेली असतात.

आणि स्कॅनचा निकाल हाती आल्यावर छातीवर ठिपका दिसला, तर लगेच धीर सोडू नये. हल्लीच पाजणे थांबवलेल्या स्त्रीच्या स्तनांत, आणि क्वचित न पाजणाऱ्या स्त्रीच्याही, आयोडीन दिसते व ते फुफ्फुसातील गाठीसारखे भासू शकते. लाळग्रंथीत दार असल्यामुळे लाळेतही औषध उतरते. तोंड पुसलेला रुमाल खिशात किंवा पोलक्यात राहिला तर त्याचाही ठिपका चित्रात उमटतो. म्हणून स्कॅनला जाताना आजींना स्वच्छ लुगडे-पोलके द्यावे आणि रुमाल घरी ठेवायला सांगावा.